भरल्या गाडीचं वजन

९ ऑक्टोबर, नांदेड

अवजड वाहनांच्या वजनमर्यादेचे राज्याचे नियम बदलायचे का, हे ठरवायला अभ्यासगट नेमला आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतली वजनं गोळा करायचं काम माझ्याकडे आलं. मोटार वाहन निरीक्षक म्हणून इतकी वर्षं झाली, पण दंड करायचा नाही आणि नुसतं वजन घ्यायचं, हे पहिल्यांदाच.

प्रश्न साधा आहे. राष्ट्रीय महामार्गावर ट्रकला जेवढं वजन नेता येतं तेवढं राज्यमार्गावर नेता येत नाही, कारण तिथले पूल जुने आहेत. ट्रकमालक म्हणतात, दोन्हीकडे एकच मर्यादा ठेवा. माल एका रस्त्यावरून दुसऱ्यावर जातो, मधे उतरवून कुठे ठेवायचा? म्हणणं चुकीचं नाही. आज रस्त्यावर खरोखर किती वजन चालतं ते मी कळवायचं, मग वरचे लोक ठरवतील.

गटाचे अध्यक्ष रामकिशन पांढरे, बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले अभियंता. फोनवर म्हणाले, "जागा तुम्हीच ठरवा आणि कुणाला सांगू नका. मलासुद्धा संध्याकाळी सांगा." मी तसंच करणार. जागा सकाळी ठरवायची, आणि गाडी गेटच्या बाहेर पडल्यावरच ड्रायव्हरला सांगायची.

आईला बातमी सांगितली. तिला बरं वाटलं. ती औशाला श्रीनाथकडे असते. श्रीनाथ माझा धाकटा भाऊ. लातूरच्या एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा. क्लास बंद पडला आणि उन्हाळ्यात त्याने दहा टायरचा ट्रक घेतला. "दोघंबी आता ट्रकच्याच मागं," आई म्हणाली.

१४ ऑक्टोबर, हदगाव

पहिला दिवस. बाबा गेल्यापासून सकाळी आठला आईचा फोन असतो. मी कुठे जाणार ते सांगते, ती काय रांधलं ते सांगते. आज म्हणाली, "हदगाव म्हंजे कुठल्या अंगाला? सावली तरी हाय का तिथं?"

"तामसा रस्त्याच्या फाट्यावर. लिंब आहे एक."

"पाणी घेऊन जा."

नंतर निघालो. ड्रायव्हर हणमंतला जागा अर्धापूर मागे पडल्यावर सांगितली. चाकांखाली ठेवायच्या वजनपाट्या अंथरल्या आणि गाड्या थांबवत गेलो. सोयाबीनचे दिवस आहेत, तरी गाड्या कमी. आल्या त्या सगळ्या मर्यादेत. काहींची ताडपत्री तर सैल लोंबत होती.

हणमंत म्हणाला, "म्याडम, आज गाड्यांचा उपास हाय का काय?"

लोक नियम पाळतात याचं आपल्याला इतकं आश्चर्य का वाटावं, असं मी त्याला म्हणाले. तो पाट्या पुसत राहिला.

१७ ऑक्टोबर, माहूर

घाटाच्या पायथ्याशी थांबलो. भरलेल्या गाडीला खरा त्रास चढावर होतो, म्हणून ही जागा. दर्शनाच्या जीपा आणि एसट्याच जास्त. ट्रक मोजके, तेही हलके. आईने सकाळी सांगितलं होतं, "देवीची ओटी भर. घाटाच्या वर थांबणार का खाली?" खाली म्हणाले होते. काम इतकं कमी होतं की दुपारी वर जाऊन ओटी भरून आले.

परतताना श्रीनाथचा फोन. ट्रकमालक संघटनेने त्याला सचिव केलं.

"तुला? गाडी घेऊन किती दिवस झाले?"

"शिकलेला माणूस पाहिजे होता त्यांना, ताई. अर्ज, निवेदनं लिहायला."

ते खरं आहे. तो चांगलं लिहितो आणि चांगलं बोलतो. बरं वाटलं.

२३ ऑक्टोबर, औसा

भाऊबीज. श्रीनाथला ओवाळलं. गेल्या वर्षीपेक्षा खुशीत होता. गाडी अंगणासमोर उभी, बोनेटला झेंडूची माळ. ड्रायव्हर व्यंकट ती धूत होता. तो हदगावकडचा आहे. मला 'मालकाच्या ताई' म्हणतो.

संध्याकाळी संघटनेचे अध्यक्ष चन्नबसप्पा फराळाला आले. उदगीरचे आहेत, फोनवर कानडी, आमच्याशी मराठी. मी जरा सावध बसले होते, पण ते वजनाचं अवाक्षर बोलले नाहीत. आईच्या पाया पडले. "माय, तुमची दोन्ही लेकरं हिरा हायत," म्हणाले. आईने त्यांना चिवडा बांधून दिला. तिला ते चांगलेच ओळखतात असं दिसलं. जाताना म्हणाले, "म्याडम, तुम्ही जे खरं दिसतंय तेच लिहा. आमची काही हरकत न्हाई." एखादा संघटनेचा माणूस असं म्हणेल असं वाटलं नव्हतं.

२४ ऑक्टोबर, नांदेड

एसटीने परत आले. खिडकीशी जागा मिळाली. लातूर सोडल्यापासून समोरून येणारे ट्रक बघत होते, सवय आहे. स्प्रिंगांचे पाटे सपाट झालेले, टायर रस्त्याला पसरलेले, माल बाजूच्या फाळक्याच्या वर हातभर. एकही मर्यादेत बसला नसता. माझ्याजवळ पाट्या नव्हत्या आणि मी सुट्टीवर होते, पण डोळे होते.

मग मी थांबते तिथे हे कुठे असतात? कुणीतरी आधी सांगतं. जागा मला माहीत असते आणि हणमंतला. बाकी कुणाला नाही.

२९ ऑक्टोबर, देगलूर

निघताना हणमंतचा फोन मागून घेतला आणि माझ्या पर्समध्ये ठेवला. कारण सांगितलं नाही. त्यालाही विचारावं लागलं नाही. "घरून काही आलं तर?" एवढंच म्हणाला. माझ्या नंबरवर येईल म्हणाले. दुपारी मी गाडीत बसून डबा खाल्ला, तो झाडाखाली.

देगलूरला तेलंगणाकडून येणाऱ्या गाड्याही असतात. त्यांतल्या एकदोन जड निघाल्या. आपल्या बाजूच्या सगळ्या मर्यादेत.

म्हणजे हणमंत सांगत नाही. आणि तो सांगत नसेल तर कुणीच सांगत नाही, म्हणजे आकडे खरे. एसटीतून पाहिलं ते दिवाळीच्या गर्दीचं असणार. हे लिहून ठेवते, म्हणजे पुन्हा शंका आली तर वाचता येईल. फोन संध्याकाळी परत दिला. त्याने बघितला नाही, तसाच खिशात टाकला.

६ नोव्हेंबर, लातूर

पांढरे साहेबांबरोबर तेरणेवरचा एक जुना पूल पाहिला. खाली पात्रात उतरलो. सत्तरीच्या घरात आहेत, पण दगडांवरून तरुणासारखे उड्या मारत गेले. त्यांनी खांबाला तळहात लावायला सांगितला. वरून एसटी गेली तेव्हा हाताला काही कळलं नाही. मग ट्रक गेला. दाताचा डॉक्टर यंत्र लावतो तेव्हा जबड्याला कळतं, तसं हाताला कळलं.

"हा पूल बांधला तेव्हा बैलगाड्या होत्या," साहेब म्हणाले. "तरी तुमच्या आकड्यांइतकं वजन चालत असेल, तर थोडी मर्यादा वाढवली तरी पेलेल. लोक नियम पाळणारे आहेत, वाढवलेला नियमही पाळतील. मसुदा तसाच करतोय."

वरून गेलेल्या त्या ट्रकचं वजन किती असेल, ते मी विचारलं नाही. तो माझ्या आकड्यांत नव्हता.

१२ नोव्हेंबर, औसा

आज हदगावला जायचं होतं. आईला आठला तसं सांगितलं. गेटबाहेर पडतो तोच आमच्या गाडीचा क्लच गेला. दिवस वाया जाणार होता. लातूरची एक सरकारी गाडी दुरुस्ती होऊन परत निघाली होती. पाट्या तिच्यात टाकल्या, हणमंतलाही घेतलं आणि लातूरच्या पलीकडे औशाच्या रस्त्याला दुपारी काटा मांडला.

पहिलीच गाडी मर्यादेच्या कितीतरी वर. दुसरी तशीच. तिसरीला पाट्यांनी आकडा दाखवायला वेळ घेतला. हणमंत माझ्याकडे बघत नव्हता. दोन तासांत सगळ्या जड, एक सोडून, आणि ती रिकामी होती.

तेवढ्यात झेंडूची वाळलेली माळ दिसली. श्रीनाथची गाडी. व्यंकट खाली उतरला, मला पाहून जागीच थांबला.

"ताई, तुमी हितं?"

"का?"

"न्हाई... मालक म्हनले, आज ताई हदगावला हायत. हिकडून बिनघोर जा."

मी त्याला गाडी पाट्यांवर घ्यायला सांगितली. छत्तीस टन. अशा गाडीला या रस्त्यावर पंचवीस चालतात. आजचं सर्वेक्षण फक्त नोंदीचं होतं, पण आधीच्या कुठल्याही गाडीपेक्षा हे जास्त होतं; इतकं वजन समोर दिसल्यावर निरीक्षकाला गाडी सोडता येत नाही. चलन केलं, जास्तीचा माल उतरवायला सांगितला. मालकाला कळवणं नियमात आहे म्हणून श्रीनाथला फोन केला.

"तुमची गाडी औसा रस्त्यावर अडवली आहे. जास्तीचा माल न्यायला दुसरी गाडी पाठवा."

"ताई? तू तर..." तो म्हणाला, आणि वाक्य तिथेच सोडलं.

तो आला नाही, दुसरी गाडी आली. बाजारातले हमाल येऊन पोती उतरवत होते. मी उभी होते. घर तिथून चालत जाण्याइतकं जवळ होतं. गेले नाही.

श्रीनाथला माझी जागा कशी कळली? आणि कळली असेल तर आज चुकीची कशी कळली?

१३ नोव्हेंबर, नांदेड

आठला फोन वाजला. आई म्हणाली, "आज कुठं हाईस?"

मी हातातली बॅग खाली ठेवली.

"मालू? आज कुठल्या बाजूला?"

मागे श्रीनाथचा आवाज आला, "राहू दे आई. आज विचारू नको."

मी फोन ठेवला. लिंबाची सावली, घाटाच्या वर का खाली, फाटा कुठला. मी कुणालाही सांगत नव्हते. आईला सांगणं म्हणजे कुणाला सांगणं असतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

कार्यालयात हणमंत कुठे आहे विचारलं. त्याने दुसऱ्या पथकावर बदली मागितली आहे.

१६ नोव्हेंबर, औसा

गेले. आई भाजी निवडत होती. उठली नाही.

"तुम्ही दोघं किती दिवस हे करायलाव?" मी विचारलं.

"मी काय चोरी केली का? तू मला सांगितलंस, मी त्याला सांगितलं. घरातल्या घरात."

"मग सावली कुठे आहे, कुठल्या अंगाला आहे, हे कशाला?"

"तो विचारायचा."

"तुला माहीत होतं, तो कशाला विचारतो."

तिने काड्या एका बाजूला केल्या. "हाव, माहीत होतं. तुझी नोकरी सरकारची हाय. तिला काय होणार होतं? त्याची एका दिवसात गेली, तवा कुणी ईचारलं? चार महिने पोरगं भिंतीकडं तोंड करून पडलं होतं. तू नांदेडला होतीस. मी बघायले होते."

हे मला माहीत नव्हतं. तो फोनवर नेहमी बरा असायचा.

श्रीनाथ आत आला आणि उंबऱ्यापाशीच उभा राहिला. म्हणाला, "ताई, मर्यादेत भरतो म्हटलं तर मालच मिळत नाही. चन्नबसप्पा आधी विचारतात, किती भरशील. सचिव केलं ते निवेदनं लिहायला नाही, ते मलाही पहिल्या दिवसापासून कळत होतं. नियम वाढला असता तर सगळं कायद्यात आलं असतं."

"छत्तीस टन वाढलेल्या नियमातही बसत नाहीत."

"माहीत आहे."

"इतकं वजन घेऊन उतारावर ब्रेक लावला तर गाडी कुठे जाऊन थांबते, हे तू मुलांना फळ्यावर शिकवायचास."

"शिकवायचो. मुलं ते लिहूनही घ्यायची." तो हसला, पण नेहमीसारखा नाही. "आता तू काय करणार?"

मी म्हणाले, आकडे मागे घ्यायला सांगणार. का मागे घेता, असं विचारतील. तेही सांगणार.

"आपल्या घराचं नाव घेऊन?"

"दुसऱ्या कुणाच्या घरातून गेलेलं नाही."

आई म्हणाली, "जेवून जा." मी जेवून आले नाही. आता लिहिताना वाटतं, जेवायला हवं होतं. त्याने काही बदललं नसतं.

१८ नोव्हेंबर, नांदेड

हणमंतला भेटले. वाहनतळावर होता. सांगितलं, मी तुझ्यावर संशय घेतला, तो चुकीचा होता, सांगणारं माझ्या घरातलं होतं. माफ कर.

तो कापडाने काच पुसत होता. मग म्हणाला, "म्याडम, फोनचं काही न्हाई. साहेब लोक घेतात. पन त्या दिवशी तुमी डबा येगळा खाल्ला." एवढंच. बदलीचा अर्ज त्याने मागे घेतला नाही.

२० नोव्हेंबर, लातूर

पांढरे साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला. मसुदा छापून झाला आहे, पंचवीस तारखेला जनसुनावणी आहे.

"बारा तारीख वगळून टाका," ते म्हणाले. "एक दिवसाचा अपवाद म्हणता येईल."

"साहेब, तो एकच दिवस खरा आहे."

"तुमची चौकशी लागेल. भावाचं तर विचारूच नका."

"हो."

त्यांनी मसुदा बाजूला सारला. मला वाटलं, रागावलेत. नंतर म्हणाले, "मी नोकरीत असताना पूल तपासायला जायचो, तेव्हा ठेकेदार आधी रंग लावून ठेवायचे. मला नव्या रंगाचा वास आवडायचा." याचा अर्थ मी लगेच लावला नाही. लेखी द्या, आणि सुनावणीत तुम्हीच बोला, असं त्यांनी सांगितलं.

२५ नोव्हेंबर, लातूर

सभागृह भरलं होतं. पुढे अभ्यासगट, समोर ट्रकमालक, मागे काही गावकरी आणि पत्रकार. श्रीनाथ चन्नबसप्पांच्या शेजारी, मांडीवर फाइल. आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

चन्नबसप्पा छान बोलले. "सरकारचेच आकडे बघा. आमच्या गाड्या मर्यादेत चालतात. सोयाबीनच्या ऐन हंगामात चालतात. आम्ही कायदा पाळणारी माणसं. मग राज्यमार्गावर आमच्यावर हा अविश्वास कशाला?" टाळ्या पडल्या.

मग मी उठले. लिहून नेलेलं वाचलं. माझ्या दोन्ही जिल्ह्यांतली वजनं विचारात घेऊ नयेत. मी कुठे थांबणार हे त्या-त्या सकाळी संघटनेला कळत होतं. ते माझ्या घरातून कळत होतं. एका दिवशी ऐनवेळी जागा बदलली तेव्हा जवळजवळ प्रत्येक गाडी मर्यादेच्या फार वर निघाली. ती वजनं जोडली आहेत. एवढं वाचून बसणार होते, पण उभीच राहिले.

गोंधळ झाला. चन्नबसप्पांनी हात वर करून तो थांबवला. त्यांचा आवाज चढला नाही. "म्याडम आमच्या संघटनेवर आरोप करायल्यात. बरं. आमचे सचिव त्यांचे सख्खे भाऊ हायत. त्यांनाच विचारू. श्रीनाथ, उठा. संघटनेला कुणी काही कळवत होतं का?"

श्रीनाथ उठला. फाइल खाली ठेवायची त्याला सुचली नाही, ती छातीशी धरून उभा राहिला. वर्गात प्रश्न विचारलेल्या मुलासारखा दिसत होता. मला माहीत होतं, तो 'नाही' म्हणेल. त्याने नाही म्हटलं असतं तर मी काय केलं असतं, याचा विचार मी केलेला नव्हता.

"हाव," तो म्हणाला. "मी कळवत होतो."

आणि बसला नाही. मधल्या वाटेने चालत बाहेर गेला. पांढरे साहेबांनी नोंद घ्यायला सांगितलं.

बाहेर आले तेव्हा तो नव्हता.

९ डिसेंबर, नांदेड

खुलासा मागितला, दिला. बदली झाली: लातूर, परवान्यांच्या चाचणीचा ट्रॅक. रस्त्यावरचं काम काढून घेतलं आहे. औशाच्या शेजारणीचा फोन आला होता. म्हणाली, "तुमची आई म्हणत होती, बरं झालं, लेक जवळ आली." आईचा मात्र आला नाही. मीही केला नाही.

११ जानेवारी, लातूर

खोली बरी आहे. सकाळपासून लोकांना आठ आकड्यात स्कूटर फिरवताना बघते. बहुतेक जण आरशात बघत नाहीत. ज्यांना बघायला सांगावं ते फक्त आरशातच बघतात.

औसा इथून अर्ध्या तासावर आहे.

१९ फेब्रुवारी, लातूर

अहवाल आला. पांढरे साहेबांनी स्वतःची प्रत पाठवली. दुसऱ्या पथकाने पुन्हा वजनं घेतली होती, वेगवेगळ्या दिवशी. राज्यमार्गांवर सरसकट मर्यादा वाढवू नये. जिथले पूल नव्याने बांधले आहेत तेवढ्याच रस्त्यांवर वाढवावी. माल भरून देणाऱ्यालाही ट्रकमालकाइतकंच जबाबदार धरावं. ही शेवटची शिफारस चांगली आहे. सरकार ती मान्य करेल का, माहीत नाही. नांदेड-लातूरच्या पहिल्या आकड्यांबद्दल एकच ओळ आहे: 'काही कारणास्तव विचारात घेतलेले नाहीत.'

मला लेखी ताकीद मिळाली. योग्य आहे. जागा कुणाला सांगू नका असं सांगितलं होतं, मी सांगितली होती.

१८ मार्च, लातूर

दुपारच्या यादीत जड वाहनाच्या चाचणीला श्रीनाथचं नाव होतं. आधी वाटलं, नावासारखं नाव असेल. मग फाटकातून गाडी आली. माळ काढलेली होती. शेजारी ड्रायव्हिंग स्कूलचा माणूस, मागे लाल रंगात शिकाऊ परवान्याची पाटी.

सहकारी आदिनाथला सांगितलं, हा उमेदवार माझा भाऊ आहे, चाचणी तुम्ही घ्या. मी आत जाऊन बसले. खिडकीतून ट्रॅक दिसतो. खिडकी बंद करायला हवी होती, केली नाही.

वळणं चांगली घेतली. गाडी मागे घेतानाही ठीक. चढावर थांबून पुन्हा निघायचं असतं, तिथे घोटाळा झाला. क्लच लवकर सोडला, गाडी मागे घसरली, मग बंद पडली.

आदिनाथ दारात आला. "म्याडम, थोडीशीच गेली मागं. काय लिहू?"

"जे झालं ते."

त्याने नापास लिहिलं.

मग श्रीनाथ माझ्या टेबलापाशी आला. बारीक झाला आहे, हाताच्या चामडीला तेलाचा रंग बसला आहे. मी खुर्ची दाखवली. तो बसला.

"व्यंकट गेला," म्हणाला. "चन्नबसप्पांच्या गाडीवर. चांगला माणूस आहे, मीच जा म्हटलं."

"माल मिळतो का?"

"एकदोन जण देतात. मर्यादेत भरतो म्हणून कमी मिळतो, पण मिळतो. ड्रायव्हर ठेवणं परवडत नाही, म्हणून परवाना." मग म्हणाला, "नापास झालो ते बरोबरच झालं. गाडी मागे गेलीच होती."

"हँडब्रेक न धरता निघालास."

"हो. थिअरी येते मला."

मला हसू आलं. त्यालाही. मग आईचं कसं आहे, ते मी विचारलं. गुडघे दुखतात म्हणाला, पण जिना उतरून रोज दारात बसते.

कार्यालय सुटायची वेळ झाली होती. त्याने बाहेर पाहिलं. ड्रायव्हिंग स्कूलचा माणूस दुसऱ्या उमेदवाराच्या मोटारसायकलवरून निघून गेला होता, विचारलंही नव्हतं.

"ताई, गाडी औशाला न्यायची आहे," श्रीनाथ म्हणाला. "मला एकट्याला चालवता येत नाही."

शिकाऊ परवान्यावर जड गाडी चालवायची तर शेजारी पक्का परवाना असलेला माणूस बसावा लागतो. नियम आहे. निरीक्षकांना जड वाहनाचा परवाना काढावाच लागतो, त्यामुळे तो माझ्याकडे आहे.

मी ड्रॉवरला कुलूप लावलं. आदिनाथला सांगितलं, निघते. केबिन उंच असते. गणवेशात चढायला जरा अडचण झाली, त्याने आतून हात दिला. सीटवरची चादर आईची जुनी साडी होती.

फाटकाबाहेर रस्त्याला लागायच्या आधी चढ आहे. समोरून एसटी येत होती, त्याला चढावरच थांबावं लागलं. मागे एक रिक्षा अगदी चिकटून उभी. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"आधी हँडब्रेक," मी म्हणाले. "आता क्लच अर्धा. गाडी थरथरली की कळेल. थांब. थांब. आता सोड."

गाडी मागे गेली नाही.